दाराशीं झालेल्या दंग्याचा जाब

एखाद्याच्या दारापुढें दुसऱ्यांनीं येऊन मारामारी केली, तर त्या दाराच्या धन्यानें तिचा जाब द्यावा काय? प्रश्न ऐकावयास सोपा आहे. कोणी झटकन 'नाहीं' म्हणेल, कोणी तितक्याच झटकन 'होय' म्हणेल. आणि दोघांच्याही बोलण्यांत कांहीं खरें सांपडेल. जेथें असें होतें तेथें घाईनें निकाल देऊं नये. इंग्लंडांत हा प्रश्न एका फार साध्या ठिकाणीं, म्हणजे रात्रीं उशिरापर्यंत गरम खाणें विकणाऱ्या दुकानांच्या संबंधानें, वारंवार उभा राहतो. म्हणून वाचकांनीं थोडा वेळ मजबरोबर त्या दुकानाच्या पायरीशीं उभें राहावें, अशी विनंती आहे.

त्या देशांत अशा दुकानास 'टेकअवे' म्हणतात. तेथें बसून जेवण्याची सोय बहुधा नसते. गिऱ्हाइकानें पैसे द्यावे, कबाब, तळलेली मासळी किंवा बटाट्याच्या फोडी कागदांत बांधून घ्याव्या आणि वाट धरावी. हीं दुकानें चालविणारांत तुर्की, बांगलादेशी, पाकिस्तानी, चिनी अशीं परदेशांतून येऊन स्थायिक झालेलीं कुटुंबें पुष्कळ आहेत. शुक्रवारीं व शनिवारीं रात्रीं दारूचे गुत्ते बंद होऊं लागले म्हणजे त्यांच्याकडे गर्दी लोटते. रस्त्यावर ज्या एका ठिकाणीं दिवा जळत असतो आणि अन्नाचा वास येत असतो, तेथेंच सर्व पावलें वळतात. मग रांगेंत धक्का लागतो, शब्दानें शब्द वाढतो, आणि पोटासाठीं आलेले लोक हातघाईवर येतात.

इंग्लंड व वेल्स ह्यांस लागू असलेला परवान्यांचा कायदा २००३ सालीं झाला व २४ नोव्हेंबर २००५ पासून पुरतेपणीं अमलांत आला. त्याप्रमाणें रात्रीं ११ पासून पहाटे ५ पर्यंत गरम अन्न किंवा गरम पेय लोकांस विकावयाचें असेल, तर स्थानिक कौन्सिलाचा परवाना लागतो. ह्या कायद्याचे हेतु चार आहेत: गुन्हे व दंगे होऊं नयेत, लोकांच्या जिवास धोका नसावा, शेजाऱ्यांस उपद्रव होऊं नये, आणि मुलांचें अनिष्टापासून रक्षण व्हावें. ह्यांपैकीं एखादा हेतु ढासळत आहे असें दिसल्यास पोलीस, कौन्सिलाचें आरोग्यखातें, किंवा साधा रहिवासीसुद्धां परवान्याची फेरतपासणी मागूं शकतो. मग दुकानापाशीं नोटीस लागते, लोकांस आपलें म्हणणें लिहून कळविण्यास २८ दिवस मिळतात, आणि बहुधा तीन सभासदांच्या पोटसमितीपुढें सर्व पक्षांचें ऐकून घेतलें जातें. समितीस परवान्याच्या अटी बदलतां येतात, तीन महिन्यांपर्यंत परवाना तहकूब ठेवतां येतो, किंवा तो अगदीं रद्दही करतां येतो. कांहीं करण्याची गरज नसेल तर आहे तसें सोडतांही येतें. निकाल ज्यास मान्य नसेल त्यानें २१ दिवसांत मॅजिस्ट्रेटाच्या कोर्टांत अपील करावें, आणि तेथील निवाडा होईपर्यंत समितीचा हुकूम सामान्यतः लागू होत नाहीं.

आतां असा एक खटला मनापुढें आणूं. एका दुकानांत सहा महिन्यांत चार वेळां मारामारी झाली. शेवटच्या वेळीं दाराची काच फुटली आणि एका तरुणाचें डोकें फुटलें. पोलिसांनीं फेरतपासणी मागितली. दुकानाचा धनी समितीपुढें उभा राहून म्हणतो, "साहेब, मीं कोणास दारू पाजली नाहीं, मीं कोणावर हात उगारला नाहीं. ते दुसरीकडे पिऊन आले, भांडले आणि गेले. काच माझी फुटली, शिव्या माझ्या माणसानें खाल्ल्या, आणि पोलिसांस मींच बोलाविलें. आतां त्याच पोलिसांच्या वहींतील नोंदी माझ्याविरुद्ध वाचल्या जात आहेत. रात्रींची विक्री गेली, तर दुकानाचें भाडें कोठून देऊं?" हें ऐकून कोणाचें मन द्रवणार नाहीं? दुसऱ्याच्या अपराधाची शिक्षा निरपराध्यास देणें हा अन्याय होय, हें आपण सर्व मानतों.

परंतु ह्या खटल्यांत आणखी दोघे आहेत, आणि त्यांचा आवाज लहान आहे म्हणून त्यांचें दुःख खोटें नव्हे. दुकानाच्या माडीवर एक बाई राहते. पहाटे पांचाला उठून ती इस्पितळांत झाडलोट करावयास जाते. दंग्याच्या रात्रीं तिला दोन-दोन वाजेपर्यंत डोळा लागत नाहीं, आणि कामावर जावयास निघाली म्हणजे उंबऱ्यापाशीं काचा व ओकारी ओलांडून तिला जावें लागतें. दुसरा तर समितीपुढें आलेलाच नाहीं. तो दुकानांतील चाकर, फळीमागें उभा राहून अन्न बांधून देणारा. त्याला नोकरी हवी आहे, म्हणून तो धन्याविरुद्ध बोलणार नाहीं. परंतु दंगा झाला म्हणजे पहिला तडाखा त्याच्याच अंगावर येतो. ह्या दोघांनींही कोणास दारू पाजली नाहीं. धनी निरपराधी म्हणून सर्व आहे तसेंच चालूं द्यावें, तर ह्या दुसऱ्या निरपराध्यांनीं किती दिवस सोसावें?

ह्यावरून दिसेल कीं, 'अपराध कोणाचा?' एवढ्या एकाच प्रश्नानें हा निवाडा होत नाहीं. ज्यानें डोकें फोडिलें त्याच्यासाठीं फौजदारी कोर्ट आहे. कोण अपराधी व कोण निरपराधी हें ठरविणें समितीचें काम नव्हे, असें त्या कायद्याखालील सरकारी मार्गदर्शनांतही सांगितलें आहे. पुढें असें होऊं नये म्हणून काय करावें, हें तिनें पाहावयाचें असतें.

मग धन्याकडून किती मागणें न्याय्य आहे? येथें आपल्या शेतकरी वाचकांस ओळखीची एक गोष्ट उपयोगी पडेल. मोशेच्या नियमशास्त्रांत, निर्गमाच्या २१ व्या अध्यायांत, मारक्या बैलाचा कायदा आहे. बैलानें अकस्मात् कोणास हुंदाडून मारिलें, तर धनी निर्दोष. परंतु त्या बैलास पूर्वींपासून खोड होती, धन्यास तसें बजाविलें होतें, आणि तरी त्यानें त्यास बांधून ठेविलें नाहीं, तर धनी दोषी. बैलानें कांहीं धन्याची आज्ञा घेऊन मारिलेलें नसतें. तरी जाब धन्यासच कां? कारण त्यास ठाऊक होतें, आणि दावें त्याच्या हातांत होतें.

माणूस बैल नव्हे, हें मी विसरत नाहीं. पिऊन आलेल्यास स्वतःची बुद्धि आहे आणि स्वतःचा जाबही आहे. म्हणूनच त्या सरकारी मार्गदर्शनांत असें धरिलें आहे कीं, दुकानाच्या लगतच्या जागेपलीकडे लोक कसे वागतात ह्याची जबाबदारी ज्याची त्यावर आहे. परंतु पायरीवर आणि फळीपुढें जें घडतें, त्याचें दावें कांहीं अंशीं धन्याच्या हातांत असतें. पहिल्या मारामारीच्या रात्रीं त्यास ठाऊक नव्हतें. चौथ्या रात्रीं ठाऊक होतें. मधल्या काळांत त्यानें काय केलें, हाच खरा प्रश्न आहे. दारावर सरकारमान्य रखवालदार ठेविला काय? कॅमेरा लावून त्यांतील चित्रें महिनाभर जपून ठेविलीं काय? घडलेल्या प्रकारांची वही लिहिली काय? एक तास आधीं दुकान बंद करून, किंवा अमुक वेळेनंतर दार लावून केवळ घरपोंच अन्न पाठवून पाहिलें काय? तिकडील समित्या अशाच प्रकारच्या अटी घालतात. ज्यानें हें मनापासून केलें, त्याच्या दाराशीं पुनः दंगा झाला तरी त्याचा जाब थोडा. विक्री होते आहे म्हणून ज्यानें डोळे मिटले, त्याचा जाब मोठा. जेवढें ठाऊक आणि जेवढें हातांत, तेवढी जबाबदारी. हें माप मला न्याय्य दिसतें.

परंतु हेंच माप समितीसही लागू आहे, हें तिनें विसरूं नये. ज्या गुत्त्यांनीं तीं माणसें झिंगेपर्यंत पाजलीं, त्यांचे परवानेही कौन्सिलानेंच दिलेले आहेत. तेथील नफा त्यांनीं घ्यावा, आणि दोष मात्र शेवटपर्यंत दिवा लावून बसलेल्या परक्या माणसाच्या पदरीं बांधावा, हा न्याय नव्हे. तसेंच पोलिसांस बोलाविल्याची प्रत्येक नोंद धन्याविरुद्ध धरिली, तर पुढच्या वेळीं तो बोलावणारच नाहीं, आणि त्या दिवशीं कोणाचा तरी प्राण जाईल. वेळेवर बोलावणें हा निष्काळजीपणाचा पुरावा नसून जागेपणाचा पुरावा आहे. आणि जें काम एका अटीनें होण्याजोगें आहे, त्यासाठीं माणसाच्या पोटावर पाय देऊं नये. उलट, आधीं सावध केलें, मुदत दिली, अटी घातल्या, आणि तरीही ज्यानें ऐकलें नाहीं, त्याचा परवाना काढून घेणें ही क्रूरता नव्हे. माडीवरील बाईवर व फळीमागच्या चाकरावर केलेली ती दया आहे. कारण परवाना ही धन्याची केवळ मालमत्ता नव्हे. शेजाऱ्यांनीं आपल्या रात्रींचा एक भाग विश्वासानें त्याच्या हवालीं केला आहे, आणि ज्याच्या हवालीं कांहीं केलें जातें त्याजपासून हिशेब मागण्याचा हक्क राहतो.

वाचकहो, असा खटला आपल्यापुढें कदाचित् कधीं येणार नाहीं. परंतु आपल्यांत कोणाचें चहाचें दुकान आहे, कोणाची पिठाची गिरणी आहे, कोणाच्या ओट्यावर संध्याकाळीं माणसें जमतात. आणि गांवांत व मंडळींत पंच म्हणून बसण्याची वेळही पुष्कळांवर येते. आपल्या ओट्यावर दुसऱ्यांनीं तंटा केला, तर 'मीं केला नाहीं' हें उत्तर खरें असेल, परंतु तेवढ्यानें तें पुरें होत नाहीं. 'मला ठाऊक होतें काय? आणि माझ्या हातांत काय होतें?' असें आपण आधीं आपल्या मनास विचारावें. आणि पंच म्हणून बसाल तेव्हां समोर बोलणाराचें पूर्ण ऐका. परंतु निकाल देण्यापूर्वीं, जो भीतीमुळें बोलावयास आलाच नाहीं, त्याच्या घरीं जाऊन त्याचेंही ऐका.