अधिकार, अंगे आणि वाढीव वेळ

परीक्षेत मिळालेला मान नेमका कशाचा असतो, हे सहसा कोणी विचारत नाही. निकाल लागतो, पेढे वाटले जातात, शाळेच्या फळ्यावर नाव चढते. मात्र स्वमग्न विद्यार्थ्याने लेखनिक घेऊन, वेगळ्या खोलीत बसून किंवा वाढीव वेळ वापरून तेच गुण मिळवले, की प्रश्न लगेच उभा राहतो: यात त्याचे किती आणि सवलतीचे किती? प्रश्न अनुदार असला, तरी तत्त्वज्ञानाच्या दृष्टीने निरर्थक नाही. खोट आहे ती तो एकाच विद्यार्थ्याला विचारण्यात. मानाला पात्र ठरणे म्हणजे काय, हे ठरल्याशिवाय तो कोणाच्याच बाबतीत सुटत नाही.

'स्वमग्नता' हा मूळ शब्दाचा इमानी अनुवाद आहे आणि तितकाच फसवा आहे. ग्रीक 'ऑटोस' म्हणजे स्वतः. त्यावरून ऑयगेन ब्लॉयलर या स्विस मनोविकारतज्ज्ञाने विसाव्या शतकाच्या आरंभी स्किझोफ्रेनियाच्या संदर्भात 'ऑटिझम' हा शब्द घडवला, आणि १९४३ मध्ये लिओ कॅनर यांनी अकरा मुलांचे वर्णन करताना तो वापरला. स्वतःतच बुडालेले मूल हे चित्र तेव्हापासून रूढ झाले. परीक्षेच्या वर्गात अडचण बहुधा उलटी असते. बाहेरचे जग जरुरीपेक्षा जास्त आत येते. पंख्याची खरखर, मागच्या बाकावरची पेनाची टिकटिक, पर्यवेक्षकांच्या चपलांचा आवाज, 'शेवटची दहा मिनिटे' ही आरोळी, सगळे एकाच पट्टीत ऐकू येते. गणिताचे उत्तर डोक्यात तयार असते, पण पायऱ्या मांडताना हात अडतो. भाषेच्या पेपरात 'तुमच्या शब्दांत लिहा' असे आले, की शब्द तर कोशातले आहेत, ते आपले कसे, या शंकेने पेन थांबते. 'सर्वांत योग्य पर्याय निवडा' या सूचनेखाली दोन पर्याय थोडेथोडे बरोबर असले, तर प्रश्न काढणाऱ्याच्या मनात काय होते ते ओळखावे लागते. आणि न सांगितलेले ओळखणे हेच अनेक स्वमग्न मुलांना जड जाते. प्रत्येकाला यातले सगळे होते असे नाही. काहींना यातले काहीच होत नाही, अडचण फक्त अनोळखी केंद्रावर पोहोचण्याची असते.

भारतात १९९५ च्या अपंग व्यक्तींच्या कायद्यातील सात प्रकारांच्या यादीत स्वमग्नता नव्हती. १९९९ च्या राष्ट्रीय न्यास कायद्यात ती आली, आणि २०१६ च्या दिव्यांग व्यक्ती हक्क कायद्याने एकवीस प्रकारांत तिचा समावेश केला. या कायद्याच्या सतराव्या कलमात वाढीव वेळ, लेखनिक आणि दुसऱ्या-तिसऱ्या भाषेतून सूट यांचा उल्लेख आहे. केंद्र सरकारच्या २०१८ च्या मार्गदर्शक सूचनांनुसार वाढीव वेळ तासाला किमान वीस मिनिटे. म्हणजे तीन तासांचा पेपर चार तासांचा. २०२१ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने दोन निकालांत या गोष्टींना मेहेरबानी न मानता समानतेचाच भाग मानले. त्यांतल्या एका प्रकरणात लेखन-अक्षमता असलेल्या विद्यार्थिनीची 'नीट'ची उत्तरपत्रिका तीन तास होताच काढून घेतली गेली होती. फेरपरीक्षेचा आदेश न्यायालयाने दिला नाही. झालेला अन्याय कसा दूर करायचा याचा विचार करून पावले उचलण्यास परीक्षा घेणाऱ्या संस्थेला सांगितले. कायद्याने देणे ठरवले ते असे. पण ते देणे पदरात घेऊन मिळवलेला मान इतरांच्या मानाइतकाच अस्सल का, याचे उत्तर कायद्याच्या पुस्तकात सापडत नाही.

या प्रश्नाशी फार नेटाने भिडलेली एक परंपरा जुनी आहे, आणि ती अनपेक्षित ठिकाणी आहे: वैदिक कर्मांच्या विधींचा विचार करणाऱ्या पूर्वमीमांसेत. जैमिनीच्या सूत्रांचा सहावा अध्याय अधिकाराचा आहे. यज्ञ करण्यास पात्र कोण? फळाची इच्छा असणे पुरेसे नाही, कर्म तडीस नेण्याचे सामर्थ्य हवे. मग निर्धनाचे काय? धन मिळवता येते, म्हणून त्याला अधिकार आहे. शरीराने अधू असलेल्याचे काय? दोष दूर होण्यासारखा असेल तर त्यालाही आहे. कायमचा असेल तर नाही. कारणे दिली जातात ती परीक्षा मंडळाच्या नकारपत्रात शोभावीत अशी: अंधाला तूप न्याहाळण्याचा विधी जमणार नाही, पंगूला विष्णुक्रमाची पावले टाकता येणार नाहीत, बहिऱ्याला अध्वर्यूने सांगितलेले ऐकू येणार नाही. याच अध्यायात शूद्राला वैदिक यज्ञाचा अधिकार नाकारला आहे, तेव्हा येथून काही उचलायचे ते डोळे उघडे ठेवूनच. स्वमग्नता हा बरा होणारा आजार नव्हे, मेंदूच्या घडणीतला जन्मजात फरक आहे. म्हणजे या नियमाने दार बंदच.

पण पुढे त्याच अध्यायात ते किलकिले होते. अग्निहोत्रासारखे नित्य कर्म टाळता येत नाही, म्हणून एखादे अंग, म्हणजे मुख्य कर्माला जोडलेला सहायक विधी, कमी पडले तरी ते शक्तीप्रमाणे करावे. प्रधान, म्हणजे मुख्य कर्म, तेवढे साधले पाहिजे. काम्य कर्म, म्हणजे विशिष्ट फळासाठी स्वेच्छेने केलेले, मात्र सर्व अंगांसह झाले तरच फळते. हा भेद आजच्या परीक्षांना लावला तर आक्षेप त्याच्या सर्वांत बळकट रूपात समोर येतो. दहावीची परीक्षा नित्यासारखी आहे, तीत सवलत द्यावी. शिष्यवृत्ती, पारितोषिक, गुणवत्ता यादीतले स्थान ही काम्य फळे आहेत. तेथे सर्व अंगे पुरी झाली पाहिजेत. मीमांसेचे नावही न ऐकलेली कितीतरी सज्जन माणसे नेमके हेच बोलतात: पास करा, पण पहिला नंबर कसा देता?

उत्तरही त्याच शास्त्राच्या हत्यारांनी देता येते. एखादी गोष्ट कर्माचे अंग आहे की नाही हे रूढीवरून ठरत नाही, ती विहित असावी लागते. चौथ्या अध्यायात मीमांसक विचारतात, अमुक गोष्ट यज्ञासाठी आहे की माणसासाठी? परीक्षेतल्या घड्याळाला हाच प्रश्न विचारायला हवा. टंकलेखनाच्या परीक्षेत मिनिटाला तीस किंवा चाळीस शब्दांची गती हेच प्रधान आहे. तेथे वाढीव वेळ दिला तर परीक्षाच उरत नाही, आणि स्वमग्न उमेदवाराने तो मागण्यात अर्थ नाही. भूमितीच्या पेपरात मात्र तीन तास आहेत ते वर्ग रिकामा करायचा असतो, पर्यवेक्षकांना घरी जायचे असते, दुपारी दुसरा पेपर असतो म्हणून. तीन तास दहा मिनिटांनी सिद्ध झालेले प्रमेय कमी सिद्ध होत नाही. वेगळी खोली आणि शांतता तर अंगांच्या यादीत कोणी कधी घातलेलीच नव्हती.

अवघड जागा या दोहोंच्या मध्ये आहे. अभियांत्रिकी प्रवेशासाठीच्या 'जेईई मेन'च्या २०२५ च्या पेपरात १८० मिनिटांत ७५ प्रश्न होते. प्रश्नामागे सरासरी दोन मिनिटे चोवीस सेकंद. ही घाई वर्ग रिकामा करण्यासाठी नव्हे, लाखो उमेदवारांत फरक पाडण्यासाठी आहे. म्हणजे वेग येथे न सांगता अंग बनला आहे. तो खरोखर हवा असेल तर का हवा, हे परीक्षा घेणाऱ्याने सांगितले पाहिजे. पुलाचे गणित अडीच मिनिटांत करणारा अभियंता चार मिनिटे घेणाऱ्यापेक्षा चांगला, असे म्हणायला काही आधार लागेल. तो दाखवल्याचे सहसा दिसत नाही. ॲरिस्टॉटलचा बासरीचा दाखला येथे चपखल बसतो: उत्तम बासरी द्यायची ती उत्तम वाजवणाऱ्याला, कुलीनाला किंवा देखण्याला नव्हे, कारण बासरी वाजवण्यासाठी असते. मानाचे वाटप मानाच्या हेतूवरून ठरते. हेतूच न सांगितलेल्या परीक्षेत पात्रतेचा वाद मिटणार कसा?

अमेरिकेत हा वाद अगदी कागदावर उमटला होता. तेथे महाविद्यालयीन प्रवेशासाठीची 'एसएटी' १९२६ पासून घेतली जाते. वाढीव वेळ घेऊन ती दिलेल्या विद्यार्थ्याच्या गुणपत्रकावर, परीक्षा नेहमीच्या पद्धतीने झालेली नाही, अशी खूण केली जाई. गुण तेच, पण शेजारी डाग. हात नसलेल्या एका उमेदवाराने अशाच खुणेविरुद्ध व्यवस्थापन अभ्यासक्रमांच्या प्रवेशासाठीची 'जीमॅट' घेणाऱ्या संस्थेवर दावा केला. तो २००१ मध्ये तडजोडीने मिटला, आणि २००३ पासून 'एसएटी'वरचीही खूण गेली. ती खूण म्हणजे मीमांसकांचा आक्षेपच होता: कर्म झाले, पण अंगहीन झाले. ती काढून टाकणे म्हणजे घड्याळ अंग नव्हते हे मान्य करणे. याची दुसरी बाजूही नोंदवायला हवी. २०१९ मध्ये उघड झालेल्या अमेरिकेतील प्रवेश घोटाळ्यात श्रीमंत पालकांनी मुलांसाठी अक्षमतेची प्रमाणपत्रे मिळवून वाढीव वेळ पदरात पाडून घेतल्याचे दिसले. त्यातून सवलत चुकीची ठरत नाही. उलट, घाई कमी झाल्यावर कोणाचेही गुण वाढू शकतात असा त्या पालकांचा हिशेब होता, आणि तो खरा असेल तर घाई सगळ्यांवरच लादलेली आहे.

आतापर्यंत परीक्षा स्वमग्न विद्यार्थ्याच्या विरुद्ध जाते असे गृहीत धरले. ते नेहमी खरे नसते. मिशेल डॉसन, लॉरां मॉत्रों आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००७ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात स्वमग्न मुलांना बुद्धीच्या दोन चाचण्या दिल्या होत्या. वेक्सलर चाचणीत बरेचसे तोंडी प्रश्नोत्तर असते. रेव्हनच्या चाचणीत आकृत्यांच्या मांडणीतला नियम ओळखून रिकामी जागा भरायची असते. रेव्हनमध्ये त्याच मुलांचे स्थान सरासरी तीस शतमकांनी वर गेले. बरोबरीच्या इतर मुलांमध्ये असा फरक पडला नाही. मूल तेच, परीक्षा बदलली, आणि 'मंद' ठरणारे मूल 'हुशार' ठरले. परीक्षा गुण मोजते असे म्हणतात. ती गुण आणि स्वतःचा आकार यांचा मेळही मोजते.

म्हणून प्रमाणित परीक्षा काही स्वमग्न मुलांना वर्गापेक्षा दयाळू वाटते. वर्गात तोंडी परीक्षा असते, गटात करायचा प्रकल्प असतो, 'मुलगा बोलत नाही, मिसळत नाही' असे बाईंचे मत असते. ओएमआर कागद डोळ्यांत पाहायला सांगत नाही. नियम आधी छापलेले असतात आणि सगळ्यांना तेच असतात. ज्या मुलाला अलिखित नियमांचा जाच होतो, त्याला लिखित नियमांत मोकळा श्वास मिळतो. तेव्हा उलटा प्रश्न येतो: आकृत्यांतला नियम चटकन दिसणारी नजर जन्मजात मिळाली, तर त्या नजरेने मिळवलेला मान तरी कमावलेला कसा?

जॉन रॉल्स यांनी १९७१ च्या 'अ थिअरी ऑफ जस्टिस' या ग्रंथात या वळणावर ठाम भूमिका घेतली. नैसर्गिक बुद्धी कोणी कमावलेली नसते, आणि कष्ट करण्याची वृत्तीसुद्धा बऱ्याच अंशी घर आणि परिस्थिती यांची देणगी असते. त्यामुळे नैतिक लायकीच्या तराजूत परीक्षेतले यश घालता येत नाही. नियम आधी जाहीर झाले, त्यांप्रमाणे वागून यश मिळाले, तर मानाची रास्त अपेक्षा तयार होते. ती पुरी करणे न्याय्य आहे, इतकेच. या दृष्टीने स्वमग्न विद्यार्थ्याचा मान आणि दुसऱ्या कोणाचाही मान एकाच जातीचे ठरतात. नियमांत वाढीव वेळ होता, त्याने तो वापरला, उत्तरे त्याची होती. पण हे समाधान काहीसे कोरडे आहे. पहाटे उठून, कानांवर आवाज अडवणारे हेडफोन घालून, सहा महिने जुने पेपर सोडवणाऱ्या मुलाला 'तुझी अपेक्षा रास्त आहे' एवढेच सांगणे अपुरे वाटते. परीक्षेच्या वर्गात शेवटपर्यंत बसून राहण्यालाच जे लागले, ते गुणपत्रकात कोठेच येत नाही. रॉल्सचे म्हणणे मान्य करूनही कौतुकाला जागा उरते, आणि ते कौतुक गुणांपेक्षा कष्टांचे असते.

यशाचा एक तोटा मात्र खास याच विद्यार्थ्यांच्या वाट्याला येतो. गुण चांगले पडले, की ते पुराव्यासारखे उलटे वापरले जातात: एवढे मार्क आहेत, मग अडचण कसली? ज्या सोयींमुळे गुण मिळाले, त्या सोयी गुण मिळाले म्हणून काढून घ्यायच्या, हा तर्क चष्मा लावल्यावर दिसते म्हणून चष्मा परत मागण्यासारखा आहे. याच्या पलीकडे, जी स्वमग्न मुले बोलत नाहीत आणि कोणत्याही छापील परीक्षेत बसत नाहीत, त्यांच्याकडे हे यश बोट दाखवू लागते. 'स्वमग्न असूनही पहिला' या मथळ्यातला 'असूनही' पहिल्या आलेल्याचे जेवढे कौतुक करतो, तेवढेच बाकीच्यांना खाली बसवतो.

पात्रतेच्या दाखल्याची महाराष्ट्रातली सर्वांत परिचित कथा पैठणची आहे. संन्याशाची मुले म्हणून वाळीत टाकलेली ज्ञानेश्वरादी भावंडे शुद्धिपत्र मागायला तेथे गेली, असे परंपरा सांगते. सर्वांभूती एकच आत्मा, हे ज्ञानेश्वरांचे म्हणणे सभेने ऐकून घेतले, पण मानले नाही. रस्त्याने चाललेल्या रेड्याकडे बोट दाखवून त्याच्याकडून वेद म्हणवून घ्या, असे आव्हान दिले. रेड्याने ऋचा म्हटल्या आणि मग मान मिळाला. कथा सांगितली जाते ती अधिकार सर्वांचा आहे हे ठसवण्यासाठी, आणि तिचा भाव तोच आहे. तरी सभेपुरते पाहिले तर तिने आपला नियम सोडला नाही: आधी परीक्षा, मग मान. रेडा गप्प राहिला असता तर ज्ञानेश्वरांचे म्हणणे कमी खरे ठरले नसते. सभेने मात्र शुद्धिपत्र दिले नसते. त्या रेड्याची समाधी जुन्नर तालुक्यातल्या आळे गावी दाखवतात.