न मागितलेले देणे : एक आचारविषयक विचार

मुखेडसारख्या तालुक्याच्या गावी आठवडी बाजाराच्या दिवशी किराणा दुकानापुढे होणारी दाटी ज्याने पाहिली आहे, त्याला हा प्रश्न समजावून सांगण्याची गरज नाही. आसपासच्या खेड्यांतून व तांड्यांतून आलेली माणसे एकाच वेळी जिन्नस मागत असतात. दुकानदार एका हाताने तराजू सांभाळतो, दुसऱ्याने गल्ला. कोणी उधार लिहावयास सांगतो, कोणी मागील बाकी विचारतो. अशा गडबडीत एखाद्या गिऱ्हाइकाच्या पिशवीत गूळ, डाळ, तेल पडते, दुकानदार पुढच्याकडे वळतो आणि गिऱ्हाईकही पैसे दिले अशा समजुतीने निघून जाते. घरी गेल्यावर खिशातील नोटा जशाच्या तशा दिसतात. गाव चांगले पंधरा मैलांवर; जाण्यायेण्याचे भाडे त्या रकमेहून अधिक. आता त्याने काय करावे?

भिक्षूचा द्रव्याशी संबंध नाही, म्हणून हा केवळ वासनिकांचा प्रश्न आहे असे म्हणता येत नाही. झोळीत पडणारी भाकरी कोणाच्या तरी घरच्या ज्वारीचीच असते, आणि त्या ज्वारीचे मोल चुकते झाले आहे की नाही हे भिक्षूला दारात उभे राहून विचारता येत नाही. ते घरच्याने स्वतःला विचारावयाचे असते.

प्रथम, ही चोरी आहे काय? शब्दाच्या काटेकोर अर्थाने नाही. जैन आचारशास्त्रात चोरीला 'अदत्तादान' म्हणतात, म्हणजे न दिलेले घेणे. येथे माल दुकानदाराने आपल्या हातानेच दिलेला आहे. १९३० चा मालविक्रीचा कायदाही असेच मानतो की, ठरलेला व तयार माल असेल तर पैसे मागाहून द्यावयाचे असले तरी सौदा ठरताच मालाचे स्वामित्व घेणाऱ्याकडे जाते. तेव्हा पिशवीतील डाळ ही गिऱ्हाइकाचीच. जे त्याचे नाही ते खिशात आहे. लोक डाळीकडे बोट दाखवून 'ती तर त्यानेच दिली' असे म्हणतात आणि स्वतःचे समाधान करून घेतात, तेव्हा ते प्रश्न चुकीच्या जागी शोधीत असतात.

आणि विस्मरण हे दान नव्हे. दानाला दात्याचे ज्ञान लागते व इच्छाही लागते. विसरणाऱ्याजवळ दोन्ही नाहीत. दुकानदार विसरला म्हणजे त्याने आपला हक्क सोडला नाही, तो हक्क आहे हेच त्याच्या ध्यानात नाही. सोडणे आणि न आठवणे यांतील हे अंतर पुसले की मग आंधळ्याच्या वाटीतील नाणेही, त्याने पाहिले नाही म्हणून, आपले ठरू लागेल.

या बाबतीत नृग राजाची कथा आठवण्याजोगी आहे. पूर्वी दान दिलेली एका ब्राह्मणाची गाय चुकून राजाच्या कळपात परत आली. राजाला ते ठाऊक नव्हते. त्याने ती दुसऱ्या ब्राह्मणाला देऊन टाकली. पुढे दोघेही ब्राह्मण एकाच गाईसाठी त्याच्यापुढे उभे राहिले. राजाने प्रत्येकाला त्या एका गाईच्या बदल्यात लक्ष गाई देऊ केल्या. एकानेही घेतल्या नाहीत. राजाला सरड्याचा जन्म आला आणि विहिरीत पडलेल्या त्या सरड्याला श्रीकृष्णांनी वर काढले, हे सर्वांस ठाऊक आहे. ही कथा ऐकून पुष्कळांना राजावर अन्याय झाला असे वाटते, कारण त्याने जाणूनबुजून काही केले नव्हते. पण जो इतक्या गाई देतो, त्याच्यावर कळपात कोणाची गाय शिरली हे पाहण्याची जबाबदारीही असते. न जाणणे हे जोवर खरोखर न जाणणे आहे तोवर क्षम्य. न पाहणे हे तितके क्षम्य नाही. बाजारातून परतलेल्या गिऱ्हाइकाची स्थिती तर नृगाहून वेगळी आहे. वाटेत असेपर्यंत तो निर्दोष होता. खिशात हात घातला आणि नोटा दिसल्या, त्या क्षणी गाय कोणाची हे त्याला कळले. दोष असेल तर तो त्यानंतरचा.

महाभारतातील शंख व लिखित या दोघा भावांची कथा याहून कठोर आहे. लिखिताने शंखाच्या आश्रमातील फळे त्याला न विचारता खाल्ली. सख्ख्या भावाचीच फळे! शंखाने त्याला सुद्युम्न राजाकडे दंड मागावयास पाठविले; राजा क्षमा करण्यास तयार असता लिखिताने आग्रहाने हात तोडून घेतले. एवढ्या दंडाचे समर्थन करण्याची गरज नाही. कथेत लक्षात घेण्याजोगे आहे ते इतकेच की, कोणी पाठीमागे लागलेले नसताना लिखित स्वतः चालत गेला.

लीळाचरित्रात हरपाळदेवांच्या द्यूताची हकिकत आहे. द्यूतात हरलेले द्रव्य चुकते करण्यासाठी कमळाइसेकडे अलंकार मागितले गेले, तिने ते दिले नाहीत आणि अखेर पित्याने ते देणे वारले. येथे वैराग्याचा भाग बाजूस ठेवून केवळ देण्याचा विचार करू. पैजेचे देणे आजचा कायदा वसूलही करून देत नाही. १८७२ च्या करार कायद्याने असे करार निरर्थक ठरविले आहेत. त्या काळी मात्र ते चुकविल्यावाचून सुटका नव्हती. तर मग ज्याच्या बदल्यात आपण डाळ-तेल घरी आणून खाल्ले, ते देणे केवळ कोणी मागत नाही म्हणून सैल का पडावे?

यावर नेहमीचे उत्तर असे की, व्यापारी आधीच काट्यात मारतो, आपले चार पैसे राहिले तर काय बिघडले. या उत्तरात थोडे सत्य आहे, म्हणूनच ते धोक्याचे आहे. १२ मे १८७५ रोजी पुणे जिल्ह्यातील सुपे येथे शेतकऱ्यांनी सावकारांचे रोखे व वह्या जाळल्या. त्या रोख्यांत व्याजावर व्याज चढवून फुगविलेली कर्जे होती, आणि सरकारलाही १८७९ मध्ये दख्खनच्या शेतकऱ्यांसाठी वेगळा कायदा करावा लागला. तेथे तक्रार उघड होती, चावडीसमोर होती. काट्यात मारणाऱ्याशीही भांडावयाचे तर काट्यासमोर भांडावे. त्याच्या विस्मरणातून गुपचूप वसुली करणारा मनुष्य न्यायाधीश, फिर्यादी व लाभधारक या तिन्ही जागी स्वतःच बसलेला असतो.

शिवाय तोटा व्यापाऱ्यालाच होतो हे तरी कोणी सांगितले? पुष्कळ दुकानांत गल्ल्यावर मालक नसतो, महिन्याच्या पगारावरचा पोरगा असतो. संध्याकाळी हिशेब कमी आला की मालक त्याच्याकडे पाहतो. तूट पगारातून कापली जाते, आणि कधी तूटच नव्हे, नोकरीही जाते. कारण विसरलेला पोरगा व चोरलेला पोरगा गल्ल्यात सारखेच दिसतात. एस.टी.च्या वाहकाचेही असेच. हिशेबात पैसे कमी भरले तर ते त्याला आपल्या खिशातून भरावे लागतात. गिऱ्हाईक ज्याला धनिक समजून मनाची समजूत घालते, त्याच्या जागी बहुधा त्याच्याहून गरीब माणूस उभा असतो.

कठीण प्रसंग यापुढचा. ऑगस्ट २०२५ मध्ये मुखेड तालुक्यात अतिवृष्टी होऊन लेंडीचे पाणी हसनाळ, रावणगाव इत्यादी गावांत शिरले; माणसे दगावली, जनावरे व संसार वाहून गेले. अशा पुरात एखाद्या दुकानदाराची उधारीची वही गेली तर तो कोणाकडे काय मागणार? वर्षाच्या बियाण्या-खतांची बाकी ज्याच्या नावावर होती, त्याला एका रात्रीत कोरे खाते मिळाले. त्याचेही घर बुडालेले आहे, हे खरे. पण ज्याने उधार दिले त्याचेही बुडालेले आहे, आणि आता त्याच्याजवळ शेजाऱ्यांच्या स्मरणाखेरीज कोणतेही भांडवल उरलेले नाही. अशा वेळी ताबडतोब देता येणार नाही. परंतु जाऊन 'तुमचे माझ्याकडे इतके आहे' एवढे सांगता येते. हातात पैसा नसताही हे करता येते, आणि तेच सर्वांत अवघड जाते.

३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे किल्लारीच्या भूकंपात वह्याच नव्हे, वह्या लिहिणारेही गेले. देणे कोणाला द्यावे? कायद्याची मुदत विकलेल्या मालाच्या किमतीपुरती तीन वर्षांची. पण मुदतीने न्यायालयाचे दार बंद होते, देणे संपत नाही. करार कायदा स्वतःच सांगतो की, मुदतबाह्य कर्ज फेडण्याचे लेखी व सहीचे वचन बंधनकारक असते. मेलेल्या देण्याला असे वचन जिवंत करू शकले नसते. मराठवाड्यातील वृद्धांना हाली शिक्का आठवत असेल. सात हाली रुपयांचे सहा कलदार होत. ते नाणे गेले, देणी मात्र रुपयांत मोजली गेली. तेव्हा धनको गेला असेल तर वारस शोधावा. लातूरला, पुण्याला, कोठेतरी मुलगी दिलेली असते.

येथे एक गोष्ट स्पष्ट बोलणे भाग आहे. वारस शोधण्याचा कंटाळा करून ती रक्कम मठाच्या पेटीत टाकण्याची रीत काही ठिकाणी दिसते. धनकोचा किंवा त्याच्या वारसाचा ठावठिकाणा लागत असताना असे करणे म्हणजे एकाचे पैसे दुसऱ्याला देऊन पुण्य स्वतःच्या नावावर मांडणे होय. नृगाने गाय दिली ती अशीच. शोध खरोखर खुंटल्यावरच दानाचा विचार करावा, आणि तेव्हाही ते दान धनकोच्या नावाने सोडावे, आपल्या नावाने नव्हे.

आता पुन्हा त्या पंधरा मैलांकडे. देणे आजच द्यावे असा आग्रह नाही. पुढच्या बाजारी दिले तरी चालते, मात्र तोवर ते कोठेतरी लिहून ठेवावे, कारण विसरण्याचा अधिकार दुकानदाराइतकाच आपल्यालाही आहे असे मन फार लवकर ठरविते. अलीकडे फोनवरून पैसे पाठविता येऊ लागल्यापासून अंतराची सबबही बरीच लटकी झाली आहे. देताना चारचौघांत त्याची चूक मोजून दाखवू नये. पोरगा गल्ल्यावर असेल तर मालकाच्या कानावर घालावे, म्हणजे मागील तुटीचा संशय त्याच्यावरून उतरेल. आणि दुकानदार हसून 'राहू द्या हो' म्हणाला तर? रक्कम किती ते न सांगता मिळालेली सूट ही सूट नव्हे. भिडेने माणसे पुष्कळ बोलून जातात. आधी आकडा सांगावा, नोटा गल्ल्याच्या फळीवर ठेवाव्यात, आणि मग त्याने आपल्या हाताने त्या परत सरकविल्या तर घ्याव्यात.