दोरी नसलेली पेन्सिल

बँकेत मी ३४ वर्षं कॅशियर होतो. आमच्या काउंटरवरचं पेन दोरीने बांधलेलं असे. दोरी अशा बेताची, की मान वाकडी केल्याशिवाय गिऱ्हाइकाला सही करता येऊ नये. माणसाचा प्रामाणिकपणा दोरीच्या लांबीएवढा, असं माझं साधं तत्त्वज्ञान होतं. ते घेऊन मी डॅलसला मुलाकडे गेलो आणि एका रविवारी नातीने त्याला सुरुंग लावला.

टेक्ससमध्ये ग्लेन रोझ नावाचं गाव आहे. तिथे पलक्सी नदीच्या पात्रात डायनोसॉरच्या पावलांचे ठसे आहेत, सुमारे ११ कोटी ३० लाख वर्षांपूर्वीचे. (आमच्या सोसायटीच्या ओल्या सिमेंटवरून एकदा कुत्रं गेलं होतं. त्याचेही ठसे शाबूत आहेत, तडे फक्त इमारतीला गेलेत.) पण नातीला ठशांपेक्षा पायवाटेवरचा ‘जिओकॅश’ हवा होता. म्हणजे कुणीतरी झुडपात डबा लपवायचा, त्याचे अक्षांश-रेखांश जाहीर करायचे आणि इतरांनी तो हुडकायचा. २००० सालच्या मे महिन्यात अमेरिकन सरकारने उपग्रहांच्या संकेतांत मुद्दाम ठेवलेली चूक काढून टाकली आणि लगोलग ३ मे रोजी ओरेगनमध्ये डेव्ह अल्मर नावाच्या गृहस्थाने रानात एक बादली ठेवून दिली. शहाण्या सरकारांच्या सोयीचा माणसं काय उपयोग करतील, सांगता येत नाही!

आमचा डबा एका ओंडक्याआड निघाला. झाकणावर हिरवा डायनोसॉर. आत वही, पेन्सिल आणि प्लॅस्टिकचे चिमुकले प्राणी. एक घ्या, तितक्याच किंवा जास्त मोलाचं काही ठेवा, वहीत नाव लिहा. झालं. पहारेकरी नाही, पावती नाही, पेन्सिलीला दोरी नाही.

“पण बघतं कोण?” मी विचारलं.

“कोणीच नाही,” नात म्हणाली. मला तो प्रश्न वाटत होता, तिला ते उत्तर वाटत होतं.

तिने जांभळा ट्रायसेराटॉप्स उचलला. मी खिशातून आलेपाकाची वडी काढली. नामंजूर! खाऊ ठेवायचा नसतो, वासाने जनावरं येतात. अल्मरसाहेबांच्या पहिल्या बादलीत घेवड्याचा डबा होता म्हणे, पण ते नियमांच्या आधीचं सत्ययुग. मग मी रुपयाचं नाणं काढलं.

“ह्याचे सेंट किती?”

“एकाच्या घरात. पण अगं, इथल्या मुलांना रुपया बघायला तरी मिळतो का?”

“आजोबा, तुला नकोय म्हणून देतोयस ना?”

आता बोला! विनिमयाचा दर मी जन्मभर फळ्यावर वाचला, हा कॉलम त्यात नव्हता.

मी इतिहासाचा आसरा घेतला. १९३०च्या मंदीत ह्याच गावातल्या लोकांनी नदीतले ठसे खणून विकले, आणि पुरेनात तेव्हा खोटे कोरून विकले, राक्षसी माणसाच्या पावलांसकट. मी त्यांना नावं ठेवणार नाही, घरी चूल थंड होती. शिवाय असलेच खोटे ठसे दुकानात पाहून न्यूयॉर्कच्या संग्रहालयाचा रोलंड बर्ड १९३८ साली माग काढत इथे आला आणि त्याला अस्सल ठसे सापडले. म्हणजे खोट्यानेही खऱ्याचा पत्ता दिला! माझ्या रुपयाची बाजू मी ह्याहून चांगली मांडू शकलो नसतो.

नातीने ऐकलंच नाही. तिने केसांतली चांदणीची क्लिप काढली, थोडा वेळ मुठीत धरली आणि डब्यात ठेवून झाकण लावायला मला सांगितलं. त्याआधी वहीत नाव लिहिलं. मीही खाली तारखेसह झोकात सही ठोकली.

रात्री शर्ट टांगताना खिशात काही टोचलं. पेन्सिल. सही झाली की पेन खिशात, ही ३४ वर्षांची सवय.

नात ट्रायसेराटॉप्स मुठीत घेऊन झोपली होती. मी मुलाला हळूच विचारलं, “काय रे, ते ग्लेन रोझ इथून किती लांब?”

“पंचाहत्तर-ऐंशी मैल. का हो बाबा?”

“सांगतो. आधी तिच्या खोलीचं दार लोटून घे.”