चित्राचा निवाडा कोणाकडे?

हंगाम सुरू झाला की मोरजी, मांद्रे, हरमल या गोव्यातल्या पेडणे तालुक्याच्या किनारपट्टीवर कलेतून मनःशांती मिळवून देणाऱ्या शिबिरांच्या पाट्या लागतात. आणि त्याच तालुक्याच्या आतल्या गावांत, जिथे आजारी माणसाला बांबोळीच्या मनोरुग्णालयात नेऊन आणायचे म्हणजे घरातल्या दुसऱ्या कोणाचा तरी दिवसाचा रोज बुडतो, तिथे चित्रोपचार म्हणजे काय हे सांगणारेही कोणी फिरकत नाही. या विसंगतीवर पोटतिडकीने लिहिता येईल, परंतु तिच्यात विचाराला खाद्य थोडे. ज्याला चार दिवस रंगांत रमून हलके वाटले त्याला ते खुशाल वाटावे, त्याला उपचार म्हणू नये, इतके सांगितले की पाट्यांचा विषय संपतो. मला अस्वस्थ करते ते या पाट्यांना आपल्याकडून दिले जाणारे उत्तर. आमची पुनव, आमचा जागर, आमचे धालो, चवथीची माटोळी आणि चित्रशाळा हाच आमचा चित्रोपचार, तो शतकानुशतके चालत आला आहे, तेव्हा बाहेरच्यांनी आम्हांला नवे काही शिकवू नये, असे हे उत्तर असते. आणि ते देणारे लोक उथळ नसतात, आपल्या मातीवर निरतिशय प्रेम करणारे असतात, म्हणूनच त्याचा परामर्श घेणे अगत्याचे आहे.

पाश्चात्य देशांतला इतिहास वाचकांच्या परिचयाचा असेल. क्षयाने अंथरुणाला खिळलेल्या एड्रियन हिल या इंग्रज चित्रकाराने १९४२ च्या सुमारास या उपचाराला नाव दिले. पुढे अमेरिकेत मार्गारेट नॉमबर्ग यांनी चित्राला अबोध मनाचे दार मानले, तर ईडिथ क्रेमर यांनी निर्मितीची क्रिया हीच औषध मानली. बरे करणारी गोष्ट चित्रात असते की चित्रावरच्या संवादात, हा वाद आजही पाठ्यपुस्तकांतून चघळला जातो. माझ्या मते त्याच्या आधीचा प्रश्न वेगळा आहे. हातून उतरलेली आकृती पुरी झाली की नाही, ती काय आहे, आणि ती कोणी पाहावी, याचा निवाडा कोणाच्या हाती?

हा प्रश्न घेऊन पुनवेकडे पाहावे. पेडण्याला भगवतीच्या मंदिराच्या परिसरात कोजागिरीची पुनव भरते, रवळनाथ-भूतनाथाची तरंगे निघतात, आणि बाधा झाली असे घरच्यांना वाटते अशी माणसे तिथे आणली जातात. ज्याचे दुःख वर्षभर माजघरात कोंडलेले होते, त्याला ते समस्त गावासमोर मोठ्याने ओरडून टाकण्याची मुभा त्या रात्री मिळते. ती मुभा मी क्षुल्लक लेखीत नाही. तिने काहींना आराम पडत असेल, हेही मान्य करतो. परंतु त्या आक्रोशाला नाव देण्याचा अधिकार ओरडणाऱ्याकडे नसतो. बाधा कोणती, ती गेली की राहिली, हा कौल दुसऱ्याच्या मुखातून येतो, आणि तो मान्य करणे एवढेच आजाऱ्याच्या वाट्याला उरते.

गणपतीच्या मूर्ती घडवणाऱ्या चित्रशाळेचे उदाहरण याहून अवघड, कारण तिथे माती आहे, हात आहेत, तासन्‌तासांची शांत एकाग्रता आहे. डिचोली, मये या भागांत चवथीच्या आधी ज्याने चित्रशाळेत पाऊल टाकले असेल त्याला ते वातावरण विसरता येणार नाही: मळून ठेवलेल्या चिकणमातीचा तो ओला वास, पाटांवर ओळीने बसलेल्या बिनरंगाच्या मूर्ती, आणि सर्वांत शेवटी, श्वास रोखून केलेली डोळ्यांची आखणी. अशा जागी विस्कटलेले मन स्थिरावत असेल यात नवल नाही. पण तिथली मूर्ती घडविणाऱ्याविषयी नसते. ती ज्या घरात पुजली जाणार त्या घराची असते. तिची सोंड बिघडली तर ती सुधारलीच पाहिजे, आणि जाणत्या कारागिराने नवशिक्याच्या हातून ती काढून घ्यावी हे सर्वथा योग्य आहे. निवाडा परंपरेकडे आहे, आणि तो तिथेच शोभतो.

यावर परंपरेची बाजू घेणारे आमचे मित्र म्हणतात की समूहापासून तोडलेली एकटी व्यक्ती ही पाश्चात्यांची कल्पना आहे, आमचा माणूस गावाचा असतो आणि गावात परतला की बरा होतो. हा त्यांचा सर्वांत बळकट मुद्दा, आणि मी त्याच्याकडे पुन्हा पुन्हा वळतो, कारण अर्धा तो मला पटतो. पण २०१२ साली आणि पुन्हा २०१८ साली खाणी बंद झाल्या तेव्हा डिचोली तालुक्यात ज्यांचे ट्रक दारात उभे राहिले, त्यांचे काय? अशा माणसाचा गावातला मान त्या ट्रकावर उभा होता. जत्रेत त्याला त्याच्या जागी नेऊन उभे करणे म्हणजे जी जागा पायाखालून गेली तिचीच आठवण करून देणे. आणि जी बाई वर्षानुवर्षे आजारी म्हणून धालोच्या मांडावर, म्हणजे बायका धालो खेळतात त्या अंगणात, येतच नाही, तिच्यापर्यंत मांड पोहोचावा कसा? विधी जागा असलेल्याला सांभाळतो. ज्याची जागाच मोडली आहे, त्याच्याकडून तूर्त कोणत्याही जागेची अपेक्षा न ठेवणारा असा एखादा तास दर आठवड्याला लागतो, आणि तो वार्षिक पंचांगात बसत नाही.

विशेष मुलांच्या एका वर्गात पाहिलेला प्रसंग सांगतो. बारा-तेरा वर्षांच्या मुलाने मातीचा गणपती केला, सोंड निराळी वळली, आणि ती तोंडाला न लावता पाटावर वीतभर अंतरावर ठेवली. बाईंनी मायेने ती उचलून जागच्या जागी चिकटवली. मुलाने ती काढली, पुन्हा तेवढ्याच अंतरावर ठेवली, बोटे चड्डीला पुसली आणि म्हणाला, ‘जालो!’ (झाला!) पालकांना दाखवायचे होते म्हणून बाईंनी सोंड परत लावली. त्या अंतराचा अर्थ काय होता हे मला ठाऊक नाही, आणि उपचारासाठी तो ठाऊक असण्याची तातडीही नाही. पण आपले काम पुरे झाले हे सांगण्याचा जो एक हक्क त्याने त्या दिवशी बजावला, तो त्याच्यापासून काढून घेतला गेला.

रुग्णगट बदलला की हा हक्क राखण्याची रीत बदलते. भ्रमविकाराने ग्रासलेल्या माणसापुढे भला मोठा कोरा कागद टाकून ‘मनात येईल ते काढा’ म्हणणे निर्दयपणाचे होऊ शकते. त्याला लहान कागद, मोजके रंग आणि ठरलेली वेळ यांचे कुंपण हवे असते, आणि ते घालणे उपचारकाचे कर्तव्य आहे, मात्र कुंपणाच्या आतल्या आकृतीवर त्याचा अंमल चालू नये. स्मृतिभ्रंशात तर निवाडा त्याच क्षणी विचारावा लागतो, कारण पुढच्या आठवड्यात आजोबा आपलेच चित्र परक्याचे म्हणून बाजूला सारतील, आणि तेही मान्य करावे लागेल. दारू सोडू पाहणारा पुरुष ‘आम्ही काय शाळेतली पोरे?’ म्हणून रंगाला हात लावत नाही, कारण शाळेतल्या चित्रकलेच्या तासाचा निवाडा त्याच्या बोटांत अजून बसलेला असतो. १९८६ साली सुरू झालेल्या पुण्याच्या मुक्तांगण या व्यसनमुक्ती केंद्राला अनिल अवचटांसारखा स्वतः कागद दुमडणारा, लाकूड कोरणारा, बासरी वाजवणारा माणूस लाभला. अशा माणसाच्या शेजारी बसले की तो जुना निवाडा सैल होतो, असे मला वाटते.

अभ्यासाच्या बाबतीतही गफलत इथेच होते. ब्रिटनमध्ये छिन्नमनस्कतेच्या ४१७ रुग्णांवर झालेल्या चाचणीचे निष्कर्ष २०१२ साली प्रसिद्ध झाले. नेहमीच्या उपचारांना गटातील चित्रोपचाराची जोड दिल्याने दोन वर्षांनी काही अधिक लाभ आढळला नाही, आणि नेमलेल्यांपैकी अनेकजण बैठकांना फारसे आलेच नाहीत. एवढ्यावरून चित्रोपचार फोल ठरवणाऱ्यांनी घाई केली. ती चाचणी प्रामाणिक होती. पण चिठ्ठी टाकून एखाद्या गटात नेमला गेलेला माणूस येत नाही, तेव्हा तोही एक निवाडाच देत असतो. गोव्यात संगथ या संस्थेने आरोग्य केंद्रांतून, डॉक्टर नसलेल्या स्थानिक समुपदेशकांकरवी, संवादोपचाराच्या काटेकोर चाचण्या घेऊन दाखविल्या आहेत. तेव्हा मोजमाप इथे अशक्य आहे असे म्हणण्याची सोय उरलेली नाही. मोजणाऱ्यांनी लक्षणांच्या तक्त्यासोबत आजाऱ्याची स्वतःची कैफियतही दप्तरी दाखल करावी, एवढीच माझी मागणी.

आणि परंपराच हवी असेल, तर आपल्याजवळ एक आहे. कांदोळीचे अबे फारिया, ज्यांच्या नावाने गोव्याचे मनोरुग्णालय पूर्वी ओळखले जाई, त्यांनी १८१९ साली पॅरिसला प्रसिद्ध झालेल्या ग्रंथात प्रतिपादन केले की मोहनिद्रेचे कारण निद्रा आणणाऱ्याच्या कसल्याही अदृश्य द्रवात नसून निद्रिस्ताच्या स्वतःच्या मनात असते. मांत्रिकाकडची सत्ता आजाऱ्याकडे देणारा हा विचार आमच्या मित्रांच्या यादीत कधी का येत नाही, हे मला उमगलेले नाही.

राहता राहिला प्रश्न चित्र कोणाच्या ताब्यात राहावे याचा, आणि तो दुय्यम नाही. हान्स प्रिंत्सहोर्न यांनी हायडेलबर्गला मनोरुग्णांची हजारो चित्रे जमवून १९२२ साली त्यांवर ग्रंथ लिहिला. त्याच संग्रहातली चित्रे नाझींनी पुढे ‘अधःपतित कले’च्या प्रदर्शनात आधुनिक चित्रांशेजारी टांगली, आणि त्या चित्रकारांपैकी फ्रान्झ ब्यूलर यांना १९४० साली विषारी वायूने ठार केले. हे टोक झाले. पण दर वर्षी १० ऑक्टोबरला, मानसिक आरोग्य दिनी, आजाऱ्यांची चित्रे मांडून सत्कार घेण्याची जी चाल सर्वत्र पडली आहे, तिच्यात चित्र काढणाऱ्याला आधी विचारण्याची तजवीज क्वचितच असते. पेडण्यात वा डिचोलीत उद्या चित्रोपचाराचे काम सुरू होईल, तेव्हा प्रत्येक चित्रामागे तारीख असावी, ते पुरे झाले असे कोणी म्हटले याची नोंद असावी, आणि दाखवायला होकार मिळाला की नकार, हेही लिहिलेले असावे. नकार देणाऱ्याचे चित्र, ते संग्रहातले सर्वोत्तम का असेना, पाहुण्यांसाठी बाहेर काढू नये.