पत्ता आणि खूण

छत्री हरवली तर छत्रीच जाते. किल्ली हरवली म्हणजे घराचें दार परक्याच्या हातीं जातें. म्हणून हरवलेली किल्ली परत मिळावी यासाठीं आपली ओळख किती उघडी ठेवावी, हा प्रश्न वाटतो तितका क्षुल्लक नाहीं. तिच्यावर पत्ता लिहिला, तर सज्जनाला ती परत करतां येते, पण चोरालाहि घर सांपडतें. पत्ता लिहिला नाहीं, तर चोर फसतो, पण सज्जनहि हतबल होतो. जगावर विश्वास टाकावा कीं जगापासून सावध राहावें, हा नीतिशास्त्रांतील जुना वाद एवढ्याशा लोखंडाच्या तुकड्यांत येऊन बसलेला आहे.

आमचें लक्ष या वादाकडे वेधलें तें एका श्रावणांत. भीमाशंकराच्या दर्शनास जातांना, डिंभ्याचें धरण मागें टाकून आंबेगांव तालुक्यांतील तळेघर येथें आम्ही चहासाठीं थांबलों. पाऊस असा होता कीं समोरचा डोंगर दिसेना. ओल्या छत्र्या आणि पिशव्या सांवरतांना आमच्या किल्ल्यांचा जुडगा तेथेंच बाकाखालीं पडला, आणि तें ध्यानांत आलें देवळाच्या पायऱ्या उतरतांना. जुडग्याला एक पितळी बिल्ला होता, व त्यावर आमचें नांव आणि पुण्यांतील घराचा पत्ता कोरलेला होता. तो आम्हींच हौसेनें करवून घेतलेला. तोंपर्यंत आम्ही त्यास दूरदर्शीपणा समजत होतों. त्या पायऱ्यांवर तो शुद्ध मूर्खपणा वाटूं लागला. चिरंजीवांकडे दुसरी किल्ली होती. त्यांना फोन करून दाराचें कुलूप तेव्हांच बदलावयास सांगितलें.

परततांना तळेघरास पुन्हां थांबलों. दुकानाच्या दर्शनी खांबावर, येणाऱ्याजाणाऱ्यास दिसेल असा आमचा जुडगा खिळ्याला टांगलेला होता. बिल्ल्यावर मात्र एक चिंधी घट्ट गुंडाळलेली होती. आम्हीं हात पुढें करतांच दुकानाच्या वृद्ध मालकीणबाई म्हणाल्या, “थांबा बाबा. आधी सांगा, किल्ल्या किती व्हत्या?” आम्हीं पांच म्हणून सांगितलें. “अन् त्यातली एक कशी हाये?” एक वांकलेली आहे, असें सांगितल्यावरच त्यांनीं जुडगा हातीं दिला. चिंधीबद्दल विचारलें तेव्हां म्हणाल्या, “पत्ता लिवलाय त्याच्यावर. हितं दिसभर मानसं येत्यात-जात्यात. समद्यांनी कशाला वाचायचा?” बक्षिसाचे पैसे त्यांनीं घेतले नाहींत, चहाचे मात्र मोजून घेतले.

त्या बाईंनीं दोन गोष्टी वेगळ्या केल्या होत्या, ज्या आम्हीं बिल्ल्यावर एकत्र कोरल्या होत्या. वस्तु त्यांनीं उघडी ठेवली आणि मालक झांकला. मराठींत ‘खूण पटविणें’ असा वाक्प्रचार आहे. पत्ता आणि खूण यांतील भेद त्या दिवशीं आम्हांस प्रथम नीट कळला. पत्ता वाटेल त्याला मालकाच्या दारापर्यंत नेतो; खूण मात्र मालकालाच वस्तूपर्यंत आणते.

वस्तूवरील नांव मालकालाच जाचक होतें असें नाहीं, तें सांपडविणाऱ्यासहि जाचतें. कालिदासाच्या शाकुंतलाच्या सहाव्या अंकांतील कोळी पहा. माशाच्या पोटांत त्याला अंगठी मिळाली, तिच्यावर राजाचें नांव होतें, आणि तेवढ्यावरून राजपुरुषांनीं त्याला चोर ठरवून बांधून नेलें. पुढें राजाकडून बक्षीस मिळालें खरें. पण तोंपर्यंत त्या गरिबाच्या प्राणावर बेतलें होतें.

आपला कायदा सांपडविणाऱ्याकडून पुष्कळ अपेक्षा करतो. १८७२ च्या करार कायद्याच्या ७१ व्या कलमान्वयें, सांपडलेली वस्तु ताब्यांत घेणाऱ्यावर ठेव सांभाळणाऱ्याइतकीच जबाबदारी येते. मालकाचा वाजवी शोध न करतां ती वस्तु लबाडीनें आपलीशी करणें हा १८६० च्या दंडसंहितेंत गुन्हा होता, आणि २०२३ च्या भारतीय न्याय संहितेच्या ३१४ व्या कलमांतहि तो आहेच. म्हणजे कायदा त्याला म्हणतो, शोध कर. पण मालकानें शोधाचा एकहि धागा ठेवला नाहीं, तर त्यानें काय करावें? उलट, २४ ऑगस्ट २०१७ रोजीं सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायमूर्तींनीं एकमुखानें खाजगीपणा हा मूलभूत अधिकार ठरविला. तेव्हां मालकानें आपलें नांवगांव चव्हाट्यावर मांडावें, असेंहि कोणास म्हणतां येणार नाहीं.

यंत्रयुगानें यावर एक तोडगा काढला. २०२१ सालीं अमेरिकेंतील ॲपल कंपनीनें किल्लीला अडकविण्याजोगी एक चकती विकावयास काढली. आसपासच्या लोकांचे मोबाइल तिची हांक ऐकतात आणि ती कोठें आहे हें मालकाला गुप्तपणें कळतें. सांपडविणाऱ्याची गरजच जणूं संपली. पण लवकरच तीच चकती दुसऱ्याच्या पिशवींत लपवून माणसांवर, विशेषतः स्त्रियांवर, पाळत ठेवण्याचे प्रकार उघडकीस आले. आणि अनोळखी चकती आपल्याबरोबर फिरत असल्यास इशारा मिळावा, म्हणून २०२४ सालीं ॲपल आणि गूगल यांना एक समान व्यवस्था आणावी लागली. जी युक्ति माणसाच्या भलेपणावांचून चालूं पाहते, तिला माणसाच्या बुरेपणाची गांठ पडल्यावांचून राहत नाहीं.

याहून शहाणी आम्हांस कॅनडांतील एक जुनी पद्धत वाटते. युद्धांत हातपाय गमावलेल्या सैनिकांच्या तेथील संस्थेनें १९४६ सालीं किल्ल्यांसाठीं बिल्ले देण्यास आरंभ केला. बिल्ल्यावर केवळ एक अंक असतो. तो कोणाचा, हें संस्थेलाच ठाऊक. किल्ली ज्याला सांपडेल त्यानें ती टपालपेटींत टाकावी, संस्था ती घरपोंच करते. सज्जनाला वाट मोकळी आणि चोराला घर अज्ञात. तळेघरच्या चिंधीचेंच हें मोठें रूप नव्हे काय?

एक गोष्ट सांगावयाची राहिली. त्या बाईंनीं जपलेल्या जुडग्यांतील जी मुख्य किल्ली, ती आमच्या हातीं आली तेव्हां कोणतेंच दार उघडीत नव्हती. कुलूप केव्हांच बदललें होतें. हें आम्हीं त्यांना सांगितलें नाहीं. सांगण्याचें धैर्य झालें नाहीं. आम्हीं त्यांच्यावर अन्याय केला काय? बुद्धि म्हणते, नाहीं. संशय घेतला तो अज्ञात वाटसरूचा, त्यांचा नव्हे. पण मन म्हणतें, तो वाटसरू म्हणजे प्रत्यक्षांत त्याच होत्या. आमचा निर्णय असा आहे कीं, दोष कुलूप बदलण्यांत नव्हता, तो बिल्ला कोरण्यांत होता. आपल्या निष्काळजीपणानें आपणच अशी स्थिति निर्माण करतों कीं पुढें सगळ्या जगाचा संशय घ्यावा लागतो, आणि त्या संशयाला शहाणपण म्हणतों. दुर्जनाला मोह पडूं नये आणि सज्जनाला अडचण पडूं नये, हीं दोन्ही कर्तव्यें मालकाचींच आहेत, आणि तीं वस्तु हरवण्यापूर्वीं करावयाचीं असतात.

आतां आमच्या जुडग्याच्या बिल्ल्यावर कॉलेजच्या कचेरीचा फोन आणि एक अंक, एवढेंच आहे. तो अंक कोणाचा हें कचेरींतील कारकुनास ठाऊक आहे, आणि जुडगा देण्यापूर्वीं खूण विचारावी, असें आम्हीं त्यांना बजावून ठेवलें आहे. आम्हांलासुद्धां.