कर्ज फेडायला निघालेला विनोद

विनोदी लेखकाच्या बायकोला हमखास विचारला जाणारा प्रश्न असा : ‘तुमच्या घरी सारखी हसाहशीच असेल, नाही?’ विचारणाऱ्याचा हेतू चांगला असतो, पण समजूत चुकीची असते. गवई घरी चोवीस तास गात नाही हे आपल्याला पटतं. हसवणारा मात्र जन्मजात आनंदी आणि त्याचं हसवणं फुकटातलं, असं आपण धरून चालतो.

या समजुतीवर उतारा म्हणून मला मार्क ट्वेनचा जगदौरा आठवतो. १८९५ च्या जुलैत तो निघाला, तो हौसेनं नव्हे. छपाईचे खिळे जुळवणाऱ्या एका यंत्रात त्याचा पैसा बुडाला होता आणि १८९४ मध्ये त्याची प्रकाशनसंस्थाही बसली होती. देणेकऱ्यांशी तडजोड करून थोडक्यात सुटता आलं असतं. बायको ऑलिव्हियाचं म्हणणं पडलं की पै न् पै फेडायची. मग देशोदेशी रंगमंचावर उभं राहून लोकांना हसवायचं आणि त्या पैशातून कर्ज वारायचं, असं ठरलं. अंगावर काळपुळी, वय साठीला टेकलेलं. साठावा वाढदिवस न्यूझीलंडमध्ये आला. सोबत ऑलिव्हिया आणि मधली मुलगी क्लारा. थोरली सूझी आणि धाकटी जीन अमेरिकेतच राहिल्या.

१८९६ च्या जानेवारीत ही मंडळी मुंबईत वॉटसन हॉटेलात उतरली. हातात कागद न घेता ट्वेन बोलायचा. सगळं आत्ताच सुचतंय असं वाटे, पण एकेक वाक्य घोटलेलं असे. कुठे थांबायचं आणि किती थांबायचं, यावर त्याचा फार जीव. थांबा क्षणभर लांबला तरी हशा हुकतो, हे त्यानं लिहूनही ठेवलं आहे. आपल्याकडे पु. ल. देशपांड्यांची ‘बटाट्याची चाळ’ पाहिलेले जुने प्रेक्षक त्यातल्या थांब्यांबद्दल अजून बोलतात. त्या सहज वाटणाऱ्या प्रयोगांमागे त्यांच्या पत्नी सुनीताबाईंची शिस्त होती. सुनीताबाईंचं आत्मकथन ‘आहे मनोहर तरी’ १९९० मध्ये आलं तेव्हा अनेकांना धक्का बसला. विनोदाच्या घरात हिशेब, रुसवे आणि कंटाळाही असतो, हे जणू कोणाला ठाऊकच नव्हतं.

ट्वेनच्या या दौऱ्यावरचं पुस्तक ‘फॉलोइंग द इक्वेटर’. त्यातला मुंबईचा एक प्रसंग मला सगळ्या थट्टेपेक्षा मोठा वाटतो. हॉटेलातल्या खोलीच्या दाराचं काहीतरी काम होतं. एका देशी नोकरानं ते करायला घेतलं, काहीतरी चुकलं असावं, आणि सोबतच्या एका आडदांड जर्मन माणसानं न सांगता न विचारता त्याच्या थोबाडीत ठेवून दिली. नोकर गप्प. ट्वेनला त्या क्षणी मिसुरीतलं बालपण दिसलं. आपले सज्जन, मवाळ वडील घरातल्या गुलाम पोराला क्षुल्लक चुकांसाठी असंच मारायचे, हे त्यानं तिथेच लिहून टाकलं. वडिलांना तो सोडत नाही, पण राक्षसही ठरवत नाही. लहानपणी यात काही गैर वाटत नव्हतं, हेही कबूल करतो. नकला करणाऱ्याची नजर अशीच तयार होते : माणूस कसा उभा राहतो, मार खाताना त्याचा चेहरा कसा होतो, हे तो टिपत राहतो. हशा त्यातून कधी निघतो, कधी निघत नाही.

सूझीला वडिलांचं ‘विनोदी’ असणं पुरेसं वाटत नसे. तेराव्या वर्षी तिनं त्यांचं चरित्र लिहायला घेतलं होतं आणि लोकांना बाबांची गंभीर, मायाळू बाजू कळत नाही, अशी तिची तक्रार होती. जुलै १८९६ मध्ये दौरा संपवून तिघं इंग्लंडला पोचली. सूझी आजारी असल्याचं कळलं. ऑलिव्हिया आणि क्लारा बोटीनं अमेरिकेला निघाल्या. त्या वाटेत असतानाच, १८ ऑगस्टला, मेनिंजायटिसनं सूझी गेली. चोवीस वर्षांची होती. ट्वेनला इंग्लंडमध्ये तार मिळाली.

त्यानंतरच्या महिन्यांत, लंडनमध्ये जवळपास कोणालाही न भेटता, त्यानं हे पुस्तक लिहिलं. कर्ज उरलं होतं, लिहिणं भाग होतं. मुंबईच्या कावळ्यावरची पानं त्यातलीच. हा पक्षी पूर्वजन्मी कोण कोण असेल याची ट्वेननं यादी दिली आहे. तीत जुगारी आहे, बदफैली धर्मगुरू आहे आणि एक हलका विनोदी नटही आहे. दुःखातल्या माणसानं हे लिहिलं म्हणून त्यात खोल कारुण्य शोधणारे टीकाकार असतात. मला ते शोधणं पटत नाही. कावळा विनोदीच आहे. मूड असो वा नसो, हातातलं कसब त्यानं चोख बजावलं, एवढंच.

पुस्तक १८९७ मध्ये आलं आणि १८९८ मध्ये सगळं कर्ज फिटलं. तुम्हाला ते पुस्तक कुठे मिळालं तर मुंबईच्या प्रकरणांपासून वाचायला घ्या. ऑस्ट्रेलियाची पानं जरा लांबली आहेत.