एक मे, दोन राज्ये

१९६० सालच्या मे महिन्याच्या पहिल्या तारखेस द्विभाषिक मुंबई राज्याचे विभाजन होऊन महाराष्ट्र आणि गुजरात ही दोन्ही राज्ये एकाच दिवशी अस्तित्वात आली. म्हणूनच खानदेशातून पोटापाण्यासाठी येऊन सुरतेच्या लिंबायत-उधन्यात स्थिरावलेल्या घरांतील मुलांस हा दिवस दुहेरी नात्याने आपला आहे. त्यांस संयुक्त महाराष्ट्राच्या हुतात्म्यांची कथा सांगताना इंदुलाल याज्ञिकांच्या महागुजरात चळवळीचीही अवश्य सांगावी, आणि १८३३ साली याच सुरतेत जन्मलेल्या कवी नर्मद यांचे नाव आदराने घ्यावे. शेजाऱ्यास उणे लेखून शिकविलेला राज्याभिमान मला सर्वथा अनुचित वाटतो. भुसावळजवळून वाहणारी तापीच पुढे सरहद्द ओलांडून सुरतेस येते, हे आजच नकाशावर मुलाच्या बोटाने गिरवून घ्यावे, आणि त्याच काठची अहिराणी आजीकडून त्यास ऐकवावी.